साहेब खिंडारात उभा राहतो का? चांदबिबी, जामखेड आणि आपली नोकरी

कानात इअरफोन, खिशात मोबाइल, आणि बहुतेक जण कंपनीच्या बसमध्ये, बरोबर ना? ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना तोंडातून निघालं तसंच ठेवलंय, फक्त मधला भाजीवाला आणि माझे चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा भाग इतिहासाचाच आहे. पण सुरुवात माझ्या पहिल्या नोकरीपासून करते, कारण हा प्रश्न मला तिथेच पडला.

डिप्लोमा झाला आणि मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागले. कंपनीचं नाव सांगणार नाही, त्याने काही फरकही पडत नाही. गाड्यांमधल्या वायरिंगचे जुडगे तयार व्हायचे तिथे. माझं टेबल सगळ्यात शेवटचं. जुडगा आला की बोर्डावर लावायचा, करंट सोडायचा, सगळे दिवे लागले की त्यावर ‘ओके’चं स्टिकर चिकटवायचं. स्टिकरवर माझा नंबर. म्हणजे पुढे काही झालं तर माझ्या नंबराला विचारणार.

आमचे सुपरवायझर रोज सकाळच्या मीटिंगमध्ये एकच गोष्ट सांगायचे. क्वालिटीत तडजोड नाही, एक वायर चुकली तर कुणाच्या तरी घरचा माणूस रात्री घाटात अडकतो. मला ते मनापासून पटायचं. पहिले सहा महिने मी त्या टेबलावर जीव टाकला. शिफ्ट सुटल्यावरही उरलेले पीस संपवून जायचे, ओटी मांडायला विसरायचे. घरी आई म्हणायची, कंपनी तुझ्या बापाची आहे का?

मग मार्च एंड आला. गेटवर ट्रक उभा, आणि दोनशेच्या आसपास पीस टेस्टिंगचे बाकी. साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “आजच्या दिवस बोर्ड राहू दे. नुसतं स्टिकर लाव.”

मी लावलं. खोटं कशाला सांगू? चाळीसेक लावले. मग हात चालेना. मी बाजूला झाले, तर उरलेले त्यांनी दुसऱ्या मुलीकडून लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मीटिंग. पुन्हा तेच. क्वालिटीत तडजोड नाही. मी खाली बघत उभी होते.

त्या दिवसानंतर मी घड्याळ बघायला लागले. सहाला पाच कमी असताना हात धुवून तयार. पगार तोच, काम तेच, टेबलही तेच. आमच्या लाइनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कँटीनमध्ये एकदा ते म्हणाले, “पोरी, नोकरी नंतर सुटते. आधी मन सुटतं.”

मन कशाने लागतं आणि कशाने सुटतं? हा प्रश्न काही एचआरवाल्यांनी शोधलेला नाही. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, खाल्ल्या मिठाला जागणं. पण नुसत्या मिठाने माणूस जागतो का? की मीठ देणारा कसा वागतो, यावरही ते ठरतं? आज आपल्या जिल्ह्यातल्या दोन गोष्टी सांगते. एक चारशे वर्षांपूर्वीची, नगरच्या किल्ल्यातली. दुसरी पन्नासेक वर्षांपूर्वीची, जामखेडची.

भिंत पडली त्या रात्री

आधी एक गंमत. नगरच्या बाहेर डोंगरावर आपण ज्याला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो, सेल्फी काढायला जातो, तो चांदबिबीचा नाहीच. ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा खरा पराक्रम बघायचा असेल तर भुईकोट किल्ल्याकडे बघायचं. हाच तो किल्ला, जिथे १९४२ ते ४५ मध्ये इंग्रजांनी नेहरूंना आणि इतर नेत्यांना कैदेत ठेवलं होतं.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी. लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं. तो गेल्यावर तिने विजापुरात लहानग्या पुतण्याच्या नावाने कारभार पाहिला. पुढे माहेरी आली, तर इथे सगळा गोंधळ. गादीवर कोण बसणार यावरून सरदारांचे तट पडलेले. त्यातल्या एका गटाने तर मोगलांनाच बोलावणं धाडलेलं. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद आणि खान-ए-खानान अब्दुर्रहीम मोठी फौज घेऊन नगरच्या तटाबाहेर येऊन थांबले.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांना त्याची खबर लागली. त्यांनी आतून खणून काही सुरुंग निकामी केले, पण एक राहिला. १५९६ च्या फेब्रुवारीत तो उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं.

आता तुम्ही त्या किल्ल्यातले शिपाई आहात असं समजा. भिंत गेलीय, धूर आहे, समोर मोगलांची फौज. तुमचे वरिष्ठ काय करतायत ते तुम्ही बघणार ना? फरिश्ता हा त्या काळचा इतिहासकार, तो आधी नगरलाच चाकरीला होता. तो लिहितो की मोठमोठे अधिकारी पळायच्या बेतात होते. म्हणजे ज्यांनी ‘शेवटपर्यंत लढू’ म्हटलं होतं, तेच मागचा दरवाजा शोधत होते.

आणि तेव्हा चांदबिबी खिंडारापाशी आली. अंगात चिलखत, तोंडावर बुरखा, हातात नंगी तलवार. ती तिथेच उभी राहिली. पळायला निघालेले थांबले. दिवसभर मोगलांनी त्या खिंडारातून आत घुसायचा प्रयत्न केला आणि दिवसभर ते मागे रेटले गेले. रात्री लढाई थांबली तरी ती हलली नाही. तिच्या देखत माती-दगड रचले गेले आणि पहाटेपर्यंत भिंत पुन्हा पुरुषभर उंच झाली. तोफांचे गोळे संपले तेव्हा तिने तांब्या-चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरायला दिली, अशी आख्यायिका आहे. ते खरं-खोटं काहीही असो, लोकांच्या आठवणीत काय राहिलं ते बघा. ‘तिने स्वतःचं ओतलं’, हे राहिलं.

मोगलांनी वऱ्हाड घेऊन तह केला आणि वेढा उठला. चांदबिबीला लोक चांद सुलताना म्हणायला लागले.

त्या रात्री तिने शिपायांचा पगार वाढवला नव्हता. भाषण केल्याचंही कुठे ठळक येत नाही. बोलणं आणि करणं यात अंतरच ठेवलं नाही, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

चार वर्षांनी, त्याच किल्ल्यात

ही गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला एक छान व्हॉट्सअॅप स्टेटस दिलं असतं. पण इतिहास इतका सोपा नसतो.

तहानंतरही दरबारातली भांडणं थांबली नाहीत. ज्यांना तिने वर आणलं तेच सत्तेसाठी तिच्यावर उलटत राहिले. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले, या वेळी शहजादा दानियाल होता. चांदबिबीने हिशेब केला. सरदारांचा भरवसा नाही, बाहेरून मदत येण्याची आशा नाही. आता लढलो तर आतली सगळी माणसं मरतील. त्यापेक्षा किल्ल्यातल्या लोकांच्या आणि लहान राजाच्या जिवाची हमी घेऊन किल्ला सोडावा, आणि आपण जुन्नरकडे निघून जावं.

विचार करा, यात बेइमानी आहे का? मला तर वाटतं ही त्या खिंडारातल्याच बाईची दुसरी बाजू होती. तेव्हा लढून माणसं वाचवली, आता न लढून वाचवायची होती. पण या वेळी ती खिंडारात उभी नव्हती. ती दालनात होती, आणि हा विचार तिने आधी एका अधिकाऱ्याजवळ बोलून दाखवला. तो बाहेर पळाला आणि ओरडत सुटला की चांदबिबी फितूर झाली, किल्ला मोगलांना विकतेय.

शिपायांचा जमाव तिच्या दालनात घुसला आणि तिला मारून टाकलं. थोड्याच दिवसांत मोगलांनी सुरुंग लावून किल्ला घेतला. आतले लोक कापले गेले आणि लहान बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. जे टाळायला ती निघाली होती, तेच घडलं.

मी ही गोष्ट शाळेत पहिल्यांदा वाचली तेव्हा शिपायांचा राग आला होता. आता पूर्ण राग येत नाही. वर्षानुवर्षं त्यांनी काय पाहिलं होतं? एक सरदार आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. तोंडाने निजामशाही, आणि बाहेर मोगलांशी पत्रव्यवहार. जिथे दहापैकी नऊ वरिष्ठ बोलतात एक आणि करतात एक, तिथे दहावा खरा असला तरी कोण ओळखणार? वरच्या नऊ जणांच्या खोटेपणाची किंमत त्या दहाव्या बाईने चुकवली.

म्हणून या गोष्टीतून मला दोन गोष्टी दिसतात. वरिष्ठाचा खरेपणा त्याच्या मनात असून भागत नाही, खालच्या माणसाला तो दिसावा लागतो. आणि कामाची जागा खोटेपणाने भरलेली असेल तर एकट्या माणसाचा खरेपणा तिथे फार टिकत नाही. मग प्रश्न येतो की असा खरेपणा रोजच्या कामात, वर्षानुवर्षं, सगळ्यांना दिसेल असा ठेवता येतो का? तलवार-चिलखताशिवाय?

याच प्रश्नाने मला जामखेडला नेलं. नगरहून बीडच्या दिशेने निघा, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात, ज्यांच्या नावाने २०२४ मध्ये आपला जिल्हा अहिल्यानगर झाला.

दोन डॉक्टर आणि एक अडलेली योजना

डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यातले. डॉ. मेबल यांची त्यांच्याशी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ओळख झाली. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं. असं पुष्कळ जण लग्नाच्या वर्षी ठरवतात! या दोघांनी आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढली. तिथे कळलं की दवाखाना कितीही चालवा, तेच जुलाब, तोच खोकला, तीच कुपोषित पोरं पुन्हा दारात येतात. मग अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० मध्ये परत येऊन जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

परदेशात शिकलेले दोन डॉक्टर तेव्हा मुंबई-पुण्यात काय कमवू शकले असते, ते सांगायला नको. ते दुष्काळी जामखेडला आले, आणि लवकरच १९७२ चा दुष्काळ आला.

पहिली योजना कागदावर चांगली होती. प्रशिक्षित नर्स गावात राहतील आणि आरोग्याचं काम बघतील. पण एकट्या तरुण मुलीने परक्या गावात राहायचं कसं? मुली राहायला तयार होईनात, आणि गावातल्या बायकाही शहरी वळणाच्या नर्सपाशी मोकळेपणाने बोलेनात. योजना अडली. तेव्हा गावातूनच सूचना आली, आमच्याच बायकांना शिकवा ना.

इथे आपला आजचा विषय येतो. आरोळे दांपत्याने ती सूचना ऐकली आणि आपली योजना बदलली. पॉडकास्टमध्ये सांगायला सोपं आहे हे. पण मोठ्या पदवीच्या माणसाने ‘माझं चुकलं, तुमचं बरोबर’ म्हणणं किती अवघड असतं, हे ज्यांना साहेब आहे त्यांना विचारा.

बोललं तसं केलं का?

गावांनी बायका निवडल्या. बहुतेक मध्यमवयीन, लेकुरवाळ्या. पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती, आणि बऱ्याच दलित समाजातल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन काम करायच्या. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, मुलांचं वजन, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या पेशंटवर लक्ष.

आता त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवा. आयुष्यभर तुला ‘तुला काय कळतंय’ म्हटलं गेलंय. आणि कुणी सुटाबुटातला डॉक्टर म्हणतो, तू शिकू शकतेस, आपण सगळे सारखे आहोत. तू विश्वास ठेवशील? नाही. तू बघशील.

तिने काय पाहिलं असेल?

पहिली परीक्षा जेवणाची. प्रशिक्षणाला आलेल्या बायका वेगवेगळ्या जातींच्या. पंगत वेगळी बसवायची सवय सगळ्यांच्या हाडात मुरलेली. तिथे सगळ्यांचं जेवण एकत्र शिजलं आणि एकत्र बसून खाल्लं गेलं, डॉक्टरांसकट. ‘आम्ही जात मानत नाही’ हे वाक्य बोलायला काही लागत नाही. ते खरं की खोटं, हे ताटाजवळ कळतं.

दुसरी परीक्षा ज्ञानाची. डॉक्टरकीचा सगळा रुबाब यावरच असतो की मला येतं आणि तुला येत नाही. आरोळे दांपत्य उलट करत होतं. जे आपल्याला येतं ते तिला समजेल अशा भाषेत सांगायचं. आणि फिरतं पथक गावात गेलं की पुढे ती. पथकात डॉक्टर, नर्स, समाजसेवक आणि ड्रायव्हर असायचे. ड्रायव्हरने फक्त स्टिअरिंग धरून बसायचं नाही, त्यालाही आरोग्याचं काम शिकवलेलं. तिच्या गावात, तिच्या लोकांसमोर डॉक्टर तिला विचारणार. यात तिचा मान वाढला, आणि तिला कळलं की ‘तू शिकू शकतेस’ ही नुसती थाप नव्हती.

तिसरी परीक्षा काळाची. बाहेरून आलेली माणसं दोन वर्षांत फोटो काढून जातात, हे खेड्याला पाठ आहे. हे गेले नाहीत. मुलं तिथेच वाढली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी मुक्काम जामखेडच. १९९९ मध्ये मेबलताई गेल्या, २०११ मध्ये रजनीकांत गेले. तोवर ‘आयुष्य इथे घालवू’ हे शब्द शब्दशः खरे झाले होते. मग काम पुढच्या पिढीने हातात घेतलं.

या तिन्हीत खिंडार एकही नाही. पण नीट बघा, तीनही वेळा साहेब तिथेच उभा आहे जिथे खालच्या माणसाची नजर लागलेली असते.

त्या बायकांनी काय परत दिलं

प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ च्या सुमारास त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा विशीच्या घरात आला. महाराष्ट्रातही या काळात बालमृत्यू कमी झालेच, रस्ते आले, लसी आल्या, हे मान्य. पण इतक्या दुष्काळी, इतक्या मागास ठेवलेल्या गावांत हे झालं ते घरोघर फिरणाऱ्या त्या बायकांमुळे. त्यातल्या कित्येक जणी वीस-वीस, तीस-तीस वर्षं काम करत राहिल्या. मानधन नगण्य. घर चालवायला शेळ्या, बांगड्यांचा धंदा, छोटा व्यवसाय. तरी रात्री-अपरात्री दार वाजलं की निघणार.

त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ माझ्या शब्दांत सांगते. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की मोठे डॉक्टर अशा झुंबरांसारखे असतात, देखणे पण महाग आणि लांबचे. मग त्यांनी साध्या वातीचे दिवे काढले आणि सांगितलं की आम्ही अशा. स्वस्त, साध्या, आणि एकीवरून दुसरी पेटवता येते.

मला या गोष्टीत एक गोष्ट जास्त भावते. ज्या बाईला कधी काळी ‘तुला काय कळतंय’ म्हटलं जायचं, ती डॉक्टरांच्या सभेत डॉक्टरांची उणीव सांगते, आणि तिच्या साहेबांना त्याचा अभिमान वाटतो. ती बोलायला घाबरली नाही. कारण वर्षानुवर्षं तिने पाहिलं होतं की खरं बोलल्याची इथे शिक्षा होत नाही.

आणि हे मोजलंय का कुणी?

तुमच्यातले काही म्हणतील, ताई, हे संतमहात्म्यांचं झालं. नेहमीच्या धंद्यात असं चालतं का?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या टोनी सायमन्स यांनी हे हॉटेलांमध्ये तपासलं. अमेरिका आणि कॅनडातली एकाच साखळीतली ७६ हॉटेलं, साडेसहा हजारांहून जास्त कर्मचारी. विचारलेल्या गोष्टींमध्ये मुख्य ही होती: तुमचा मॅनेजर बोलतो तसं वागतो का, दिलेला शब्द पाळतो का? ही उत्तरं त्यांनी हॉटेलाच्या कमाईशी ताडून पाहिली. पाचपैकी गुणांमध्ये नुसता एक अष्टमांश गुण वाढला तरी नफ्यात उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांइतकी वाढ दिसली, म्हणजे हॉटेलमागे वर्षाला अडीच लाख डॉलर. २००२ मध्ये हे छापून आलं. साखळी अशी होती: मॅनेजर शब्दाला जागला, म्हणून कर्मचाऱ्यांचा विश्वास बसला, म्हणून ते कामात जीव ओतायला लागले, म्हणून गिऱ्हाईक खूश झालं.

आणखी एक. मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९० च्या सुमारास सांगितलं की माणूस कामाला तीन प्रकारे बांधलेला असतो. एक, जीव लागलाय म्हणून. दोन, सोडलं तर परवडत नाही म्हणून. तीन, सोडणं बरं दिसत नाही म्हणून. मार्च एंडच्या त्या संध्याकाळनंतर मी कंपनीत होतेच की. पण पहिल्या प्रकारातून घसरून दुसऱ्यात गेले होते. हजेरीच्या मशीनला हा फरक कळत नाही. मामांना कळला होता.

एक सावधगिरी

इथे थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर हा भाग मालकांच्या सोयीचा होईल. ‘आम्ही बघा किती तत्त्वाने वागतो, मग तुम्ही पगाराचं काय विचारता’, असा अर्थ कुणी काढू नये.

२००५ नंतर देशभर ‘आशा’ आल्या. गावातल्याच बाईला आरोग्याचं काम शिकवायचं, या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. पण कल्पना उचलताना सरकारने ताटाजवळ बसणारा साहेब उचलला का? महाराष्ट्रातल्या आशांनी कोरोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये संप केला. २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा केला. तेव्हा मानधन वाढवण्याचं आश्वासन मिळालं, संप मिटला. पण जीआर निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. नीट बघा, हा तिसरा संप नुसता पैशांचा नव्हता. तो दिलेल्या शब्दाचा होता. घरोघर फिरणारी बाई कामचुकार नाही. तिला फक्त हे बघायचंय की बोलणारा खिंडारात उभा राहतो का.

पोटाला पुरेसा पैसा हा शब्द पाळण्याचाच भाग आहे. त्याची जागा गोड बोलणं घेऊ शकत नाही.

शेवटी, ते स्टिकर

हे ऐकणारे बहुतेक जण पंचवीस-तिशीतले. तुमच्यातले काही आत्ताच टीम लीडर असतील, कुणी शिफ्ट इन्चार्ज, कुणाच्या दुकानात दोन पोरं कामाला. तुम्हाला वाटत असेल आपण अजून ‘साहेब’ नाही. पण तुमच्या हाताखाली एक जरी माणूस असेल, तरी तो तुमच्याकडे बघतोय. सकाळच्या मीटिंगमधलं तुमचं भाषण तो ऐकत नाही. महिनाअखेरीला तुम्ही काय करता, ते तो लक्षात ठेवतो.

मी ती नोकरी त्या मार्चनंतर सात महिन्यांनी सोडली. सोडताना साहेब म्हणाले, “तू तर चांगली कामाची होतीस, काय झालं?” मला तेव्हा सांगायला सुचलं नाही. आज सांगता येईल. पण आज मला त्यांच्यापेक्षा त्या दुसऱ्या मुलीची जास्त आठवण येते, जिने उरलेले स्टिकर लावले. ती माझ्यापेक्षा ज्युनिअर होती, आणि मी बाजूला झाले तेव्हा एक शब्दही बोलले नाही. तिच्यासाठी त्या दिवशी मीसुद्धा वरिष्ठच होते. ती माझ्याकडे बघत होती.

चाळीस जुडगे कुठल्या गाड्यांत गेले, माहीत नाही. घाटातून जाताना एखादी गाडी दिवे बंद करून कडेला उभी दिसली की अजून पोटात गोळा येतो.

पुढच्या भागात आपण याच किल्ल्यातून निघून मलिक अंबरच्या मागे जाणार आहोत. चांदबिबी गेल्यावर बुडालेली निजामशाही एका गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने पुन्हा कशी उभी केली, आणि लोक त्याच्या मागे का गेले, ते बघू. तोवर तुमच्या कामाच्या जागेची गोष्ट असेल तर नावं न घेता मला पाठवा. साहेब खिंडारात उभा राहिला त्याचीही पाठवा, अशा गोष्टी कमी ऐकायला मिळतात.

भेटू. काळजी घ्या.